तुतीचें सरपण

पडलेल्या फणसाचा बुंधा किंवा पाडलेल्या वाड्याची जुनी तुळई सरपणांत न घालतां त्यांतून काथवट, पोळपाट, रवी, पाट काढून घेण्याची रीत आपल्या घरांना नवी नाहीं. जुनें लांकूड पुरतें वाळलेलें असतें, म्हणून तें सहसा तडकत नाहीं, एवढाच त्यांतला हिशेब. काथवट कोणत्या झाडाची आणि तें झाड लाविलें कोणीं, ही चौकशी पीठ मळतांना कोणा गृहिणीनें केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. इंग्लंडांतील एका लहानशा गांवीं मात्र अठराव्या शतकांत सरपणांतून वांचविलेल्या अशाच लांकडाचे पेले आणि डबे झाले, आणि झाड कोणाचें हा प्रश्न तेथें इतका वाढला कीं, तें लांकूड विकत घेऊन त्याच्या वस्तु करणाऱ्या माणसाला मरणापूर्वीं शपथेवर जबाब लिहून द्यावा लागला. तें गांव स्ट्रॅटफर्ड, झाड तुतीचें, आणि तें लावणारा, गांवकऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणें, शेक्सपीअर.

शेक्सपीअरनें १५९७ सालीं ‘न्यू प्लेस’ नांवाचें मोठें घर आपल्या जन्मगांवीं विकत घेतलें. १६०९ च्या सुमारास पहिला जेम्स राजा रेशमाच्या धंद्याच्या नादानें देशभर तुतीची लागवड करवीत होता. त्याच वेळीं शेक्सपीअरनेंही आपल्या बागेंत एक रोप स्वहस्तें लाविलें, अशी स्ट्रॅटफर्डची समजूत. (त्या काळीं इंग्लंडांत लागली ती बहुतांशी काळी तुती, आणि रेशमाच्या किड्याला मानवते ती पांढरी, धंदा बुडाला, झाडें तेवढीं उरलीं.) कवीच्या हयातींतल्या एकाही कागदांत या झाडाचें नांव नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती वास्तु क्लॉप्टन घराण्याकडे गेली, आणि जुनें घर १७०२ च्या सुमारास जाऊन त्या जागीं नवें उभें राहिलें. झाड मात्र जागच्या जागीं होतें. सर ह्यू क्लॉप्टन हे पाहुण्यांना त्याच्या सावलींत बसवीत आणि त्याची कथा सांगत. १७४२ सालीं विख्यात नट गॅरिक त्या सावलींत बसून गेला.

सर ह्यू १७५१ सालीं वारले, आणि १७५६ सालीं हें घर फ्रान्सिस गॅस्ट्रेल नामक धर्मोपदेशकानें विकत घेतलें. या गृहस्थाला इंग्रजी ग्रंथकारांनीं मनसोक्त शिव्या दिल्या आहेत. त्याची कड घेण्याचा आमचा हेतु नाहीं. पण ज्याच्या दारांत ओळखीपाळखीवांचून रोज कोणीतरी ‘झाड दाखवा’ म्हणून उभा राहतो, त्याचा संताप आम्ही समजूं शकतों. झाड दाखवून दाखवून तो कंटाळला. त्यानें तें तोडविलें आणि जळणासाठीं फोडून विकावयास काढलें. गांवानें त्याच्या खिडक्यांच्या कांचा फोडल्या. पुढें कराच्या तंट्यावरून १७५९ सालीं त्यानें घरही जमीनदोस्त केलें आणि लोकांचे तळतळाट घेऊन गांव सोडलें.

या सरपणाचा बहुतेक भाग टॉमस शार्प नांवाच्या घड्याळजीनें विकत घेतला. तुतीचें लांकूड ताजें असतां पिंवळेंधमक असतें. हवेनें आणि उजेडानें तें हळूहळू काळवंडून मधासारखें, मग पिंगट होतें. घट्ट असल्यामुळें कातकामाला तें चांगलें. पण जुन्या झाडाचें खोड वांकडेंतिकडें आणि गांठाळ, आणि ओलें असतांना घाई केली कीं बाहेरचा भाग आधीं आकसतो, आंतला मागें राहतो, आणि भेग जाते. त्यांतून हें तर जळणासाठीं फोडलेलें. ढलप्यांच्या फळ्या निघत नाहींत आणि फळ्यांवांचून मेज-कपाट होत नाहीं. तेव्हां शार्पच्या दुकानांतून बाहेर पडले ते कातलेले पेले, लहान डब्या, दौती, चहाच्या पेट्या, दांतकोरण्यांचीं घरें, पाइपांत तंबाखू ठासण्याचे दट्टे. लांकडानें कारागिराला लहान वस्तूंकडे ढकललें. वस्तु लहान म्हणून संख्या मोठी. आणि संशयाचें मूळ आमच्या मतें या संख्येंतच आहे.

१७६९ च्या सप्टेंबरांत गॅरिकनें स्ट्रॅटफर्ड येथें शेक्सपीअरचा तीन दिवसांचा उत्सव मांडला, तेव्हां या वस्तूंचें नशीब उघडलें. नगरपालिकेनें गॅरिकला मानाचें नागरिकत्व दिलें, त्याचा दाखला याच लांकडाच्या पेटींतून. पेटी बर्मिंगहॅमच्या टॉमस डेव्हिसनें कोरली असून तिच्या मागच्या बाजूस लिअरच्या वेषांतला गॅरिक वादळांत उभा आहे. उत्सवांत गॅरिकनें तुतीचा पेला हातीं धरून तुतीवरचें गाणें म्हटलें. पाऊस इतका कोसळला कीं नदीचें पाणी मंडपापर्यंत आलें आणि ठरलेली मिरवणूक रद्द झाली. शेक्सपीअरच्या या उत्सवांत शेक्सपीअरचें नाटक मात्र एकही झालें नाहीं!

विक्री चालू राहिली, आणि लोक हिशेब करूं लागले: एका झाडाला लांकूड तें किती? अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग १८१५ सालीं स्ट्रॅटफर्डला गेला, तेव्हां स्वतःला वाढवीत नेण्याच्या या लांकडाच्या शक्तीला त्यानें ख्रिस्ताच्या क्रुसाच्या अवशेषांची उपमा दिली. परंतु हा बोभाटा त्यापूर्वींच शार्पच्या कानांवर गेला होता. १७९९ च्या ऑक्टोबरांत, वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास, त्यानें शपथपूर्वक लिहून दिलें कीं, आपण त्या झाडावांचून दुसरें लांकूड तुतीचें म्हणून कधींही वापरलें नाहीं, आणि झाड शेक्सपीअरनें लाविल्याचें सर ह्यू क्लॉप्टन यांच्या तोंडून आपण अनेकदां ऐकलें आहे. त्याच सालीं तो वारला.

या जबाबाचे दोन भाग निराळे करून पाहावयास हवेत. आपण काय विकत घेतलें आणि कशाच्या वस्तु केल्या, ही शार्पच्या स्वतःच्या माहितींतली गोष्ट. तिच्यावर विश्वास न ठेवण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. मरणाच्या दारीं उभ्या असलेल्या वृद्धाला त्यापासून कांहीं मिळावयाचें नव्हतें. दुसरा भाग ऐकीव आहे. आणि सर ह्यू यांचा जन्मच कवीच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळानें झालेला. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं लांकडाचा काप ठेवला तर आज तज्ज्ञ तें तुतीचें कीं नाहीं एवढें सांगूं शकतो. कोणत्या बागेंतल्या तुतीचें, हें त्याला सांगतां येत नाहीं. म्हणजे शार्पचा प्रामाणिकपणा पुरता सिद्ध झाला, तरी शेक्सपीअरचा हात त्या झाडाला लागला होता कीं नाहीं हा प्रश्न होता तेथेंच राहतो.

गॅरिकची ती पेटी आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. ती ज्या झाडाची, त्याच झाडाचे इतर तुकडे शार्पला गिऱ्हाईक न मिळतें, तर स्ट्रॅटफर्डच्या कोणत्या तरी चुलींत एका हिंवाळ्यांत संपले असते.