मनातली हजेरी

वस्तीत पोलिसांची गाडी शिरली, की हजेरी कधी न पाहिलेली आमची पोरेही उठून रांगेत उभी राहतात. ही रांग मला इतिहासात सापडते. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत पोचला आणि पारधी, कैकाडी जन्मतःच संशयित ठरले. पोलिसाला ‘का?’ विचारण्याची सोय नव्हती.

ती सोय २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाने दिली. कलम २२ म्हणते: अटकेचे कारण सांगा, वकील गाठू द्या, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करा. कलम २०(३) प्रमाणे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीची सक्ती नाही. हे संरक्षण पोलीस चौकशीतही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये नंदिनी सत्पथी खटल्यात सांगितले. जुना कायदा देशभर रद्द व्हायला मात्र ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला.

कायदा गेला, हजेरी मनात राहिली. कलम सांगितल्याने काठी थांबतेच असे नाही. पण कोर्टात मांडायला प्रश्न उरतो. मित्रहो, ही दोन कलमे आपण वस्तीवस्तीत पाठ करून घेऊ. ‘मला कशासाठी नेता?’ एवढे एका पोराने विचारले, तरी रांग मोडायला सुरुवात होईल.