लिनक्स अद्ययावत, वायफाय बेपत्ता

लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांपैकी अनेकांना एक प्रसंग केव्हा ना केव्हा अनुभवास येतोच. रात्री प्रणाली अद्ययावत करण्याची आज्ञा दिली जाते, सारे काही विनातक्रार पार पडते आणि सकाळी संगणक सुरू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातील वायफायचे चिन्ह नाहीसे झालेले असते. राउटर चालू असतो, घरातील मोबाइल त्याच जोडणीवर सुखेनैव चालत असतात. लॅपटॉपला मात्र आपल्याजवळ वायरलेस कार्ड आहे याचाच विसर पडलेला असतो. पेच असा की, यावरील उपाय बहुधा इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावा लागतो आणि नेमके तेच हाताशी नसते. कार्ड जळाले, असा समज अशा वेळी होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असते. बिघडलेला असतो तो ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांच्यातील मेळ.

हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. ड्रायव्हर हा कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा भाग असतो आणि तो संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा वायरलेस कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा स्वतंत्र प्रोग्राम होय. पूर्वी तो कार्डावरील कायमस्वरूपी स्मृतीत कोरलेला असे. ही स्मृती वाचवली की कार्ड स्वस्त पडते, म्हणून आजची बहुतेक कार्डे कोऱ्या पाटीसारखी असतात. वीज मिळताच ड्रायव्हरने डिस्कवरील फर्मवेअरची फाइल उचलायची आणि कार्डात भरायची, हा क्रम संगणक सुरू होताना दर वेळी घडतो. ही फाइल सापडली नाही किंवा भलत्याच आवृत्तीची निघाली, तर कार्ड निव्वळ सिलिकॉनचा तुकडा ठरते.

आता गोम अशी की, ड्रायव्हर आणि फर्मवेअर एकाच वाटेने संगणकात येत नाहीत. ड्रायव्हर कर्नलबरोबर येतो आणि त्याचा मूळ प्रोग्राम सर्वांना वाचता येतो. फर्मवेअर कंपन्यांकडून तयार स्थितीत मिळते. ते वाटण्याची परवानगी असते, मात्र त्याचा मूळ प्रोग्राम सहसा उघड केला जात नाही. म्हणून या फायली 'लिनक्स-फर्मवेअर' नावाच्या स्वतंत्र संग्रहात ठेवल्या जातात. कर्नलच्या स्रोतात पूर्वी काही फर्मवेअर ठेवलेले असे. २०१७ च्या ४.१४ या आवृत्तीपासून तेही काढून टाकण्यात आले. दोन संग्रह, दोन पॅकेजे आणि दोन वेळापत्रके. एक पुढे गेले आणि दुसरे मागे राहिले की विसंगती उद्भवते.

इंटेलच्या कार्डांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांच्या 'आयडब्ल्यूएलवायफाय' या ड्रायव्हरच्या फर्मवेअर फायलींच्या नावातच एक क्रमांक असतो. एएक्स-२०० या कार्डासाठी 'सीसी-ए०-७७' अशा नावाची फाइल आढळते, त्यातील ७७ हा तो क्रमांक. प्रत्येक कर्नलमधील ड्रायव्हर आपल्याला चालणारा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान क्रमांक जाणतो. तो मोठ्या क्रमांकापासून शोध सुरू करून एकेक पायरी खाली उतरतो. या शोधात प्रत्येक न सापडलेल्या फाइलबद्दल कर्नलच्या नोंदीत 'एरर वजा २' असा शेरा उमटतो. त्याचा अर्थ 'फाइल नाही' एवढाच. नवशिक्या वापरकर्त्याची धांदल उडते ती येथे. शोध खालच्या एखाद्या क्रमांकावर यशस्वी झाला असेल, तर आधीचे शेरे निरुपद्रवी समजावेत. 'योग्य फर्मवेअर सापडले नाही' या अर्थाची ओळ अखेरीस आली तरच प्रकरण खरे.

सर्वच कंपन्या ही शिस्त पाळत नाहीत. रिअलटेकच्या काही चिपांच्या फायलींना असा क्रमांकच नसतो. नवी फाइल जुनीवर बसते आणि जुन्या कर्नलला ती मानवली नाही तर परतीची वाट पॅकेजची मागील आवृत्ती पुन्हा बसवण्याचीच उरते.

या विसंगतीचा लिनक्सच्या इतिहासातील ठळक नमुना २००८ सालचा आहे. ब्रॉडकॉम कंपनीची कार्डे त्या काळी कित्येक लॅपटॉपांत होती आणि लिनक्ससाठी कंपनीचे साहाय्य जवळजवळ नव्हते. कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरचा उलट दिशेने अभ्यास करून स्वयंसेवकांनी 'बीसीएम-४३एक्सएक्स' हा ड्रायव्हर रचला व तो २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१७ आवृत्तीत दाखल झाला. फर्मवेअर वाटण्याची परवानगी नसल्याने ते वापरकर्त्यानेच विंडोजच्या ड्रायव्हरमधून 'फर्मवेअर कटर' नावाच्या साधनाने कापून काढायचे, अशी द्राविडी प्राणायामाची रीत होती. जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ हा कर्नल आला. त्यात 'बी-४३' हा नवा ड्रायव्हर होता आणि त्याला फर्मवेअरची चौथी आवृत्ती लागे. लोकांच्या डिस्कवर मात्र जुन्या ड्रायव्हरसाठी कापलेली तिसरी आवृत्ती पडून होती. फारच जुन्या चिपांसाठी 'बी-४३ लेगसी' असा वेगळा ड्रायव्हर होता, त्याला तिसरीच आवृत्ती हवी असे. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील उबुंटू ८.०४ मध्ये हाच कर्नल होता, ७.१० वरून तेथे आलेल्या ब्रॉडकॉमधारकांना चालते वायफाय गमवावे लागले, ते याच कारणाने. नव्या आवृत्तीचे फर्मवेअर आणण्यासाठी केबल शोधण्याची पाळी आली. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर जाहीर केला. जुन्या चिपांचे दुखणे त्याने मिटले नाही.

विसंगतीचा दुसरा प्रकार कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरांचा. ब्रॉडकॉमचा बंदिस्त 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर किंवा स्वस्त यूएसबी डोंगलांसाठी बाहेरून आणलेले रिअलटेकचे ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावे लागतात, कारण कर्नलचे विकासक त्याच्या अंतर्गत रचनेच्या स्थैर्याची हमी देत नाहीत. हे काम आपोआप व्हावे म्हणून डेल कंपनीच्या अभियंत्यांनी तयार केलेली 'डीकेएमएस' ही योजना वापरली जाते. तथापि नव्या कर्नलच्या हेडर फायली बसवलेल्या नसतील, तर तिचे चाक जागीच रुतते आणि त्याची सूचना अद्ययावतीकरणाच्या शेकडो ओळींत हरवून जाते. सिक्युअर बूट चालू असेल तर घडवलेला ड्रायव्हर स्वाक्षरीअभावी नाकारला जातो, हे आणखी एक. डोंगल घेताना खोक्यावरील वेगाच्या आकड्यापेक्षा आतील चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे किंवा नाही, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

तिसरा प्रकार भांडाराच्या मांडणीचा. डेबियन ही प्रणाली मुक्त तत्त्वाबाबत कडक. २०११ च्या सहाव्या आवृत्तीत तिने कर्नलमधील बंदिस्त फर्मवेअर बाहेर काढले. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने धोरण सैल केले आणि १० जून २०२३ रोजी आलेल्या बाराव्या आवृत्तीत फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा स्वतंत्र विभाग उघडला. निर्णय स्वागतार्ह होता. पण अकरावी आवृत्ती चालवणाऱ्याने बारावीकडे जाताना भांडारांच्या यादीत हा शब्द स्वतः घातला नाही, तर कर्नल ५.१० वरून ६.१ वर जातो आणि फर्मवेअर जुनेच राहते. काही कार्डांचे त्यावर भागते, काहींचे नाही.

फायली दाबून ठेवण्याच्या पद्धतीनेही घोळ होतो. 'एक्सझेड' पद्धतीने दाबलेले फर्मवेअर कर्नल ५.३ पासून आणि 'झेडएसटीडी' पद्धतीचे ५.१९ पासून वाचता येते. त्याहून जुना कर्नल समोर असलेली फाइल असूनही 'नाही' म्हणतो.

निदान करताना एक गोष्ट ध्यानात ठेवल्यास निम्मे काम होते. ड्रायव्हर प्रत्येक कर्नल आवृत्तीसाठी वेगळ्या कप्प्यात असतात. फर्मवेअरचा कप्पा मात्र सर्व कर्नलांना सामाईक असतो. म्हणून संगणक सुरू होताना ग्रबच्या यादीतील 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागील कर्नल निवडून पाहावा. त्यावर वायफाय चालले, तर कार्ड निर्दोष आहे आणि दोष नव्या कर्नलच्या बाजूचा आहे: एक तर त्याचा ड्रायव्हर बिघडला आहे, किंवा त्याला हवे असलेले फर्मवेअर अजून आलेले नाही. जुन्या कर्नलवरही चालले नाही, तर संशयाची सुई फर्मवेअरच्या पॅकेजकडे वळते. त्याआधी संगणक पूर्ण बंद करून थोड्या वेळाने सुरू करावा. नुसत्या रीस्टार्टने कार्डाची वीज तुटतेच असे नाही आणि अडकलेले कार्ड अडकलेलेच राहते. विंडोजही त्याच यंत्रावर असेल, तर तिची 'फास्ट स्टार्टअप' सोय कार्ड अर्धवट स्थितीत सोडून देते, तीही बंद करावी. 'आरएफकिल' या आज्ञेने वायफाय केवळ कळ दाबल्याने बंद झालेले नाही ना, हेही पाहून घ्यावे.

पुढचा दाखला 'डीमेसेज' या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत मिळतो. फाइल न सापडल्याची ओळ असेल तर फर्मवेअर नाही. कार्डाचा उल्लेखच नसेल आणि 'एलएसपीसीआय' आज्ञेतही त्यापुढे ड्रायव्हरचे नाव दिसत नसेल, तर ड्रायव्हर नाही. फर्मवेअर भरले जाऊन मागाहून 'मायक्रोकोड' त्रुटीची नोंद येत असेल, तर आवृत्ती सदोष असण्याची शक्यता मोठी. तेथे पॅकेजची मागील आवृत्ती बसवून पाहावी. इंटरनेटचा पेच सुटण्यास अँड्रॉइड मोबाइल पुरतो. तो यूएसबी केबलने जोडून टेथरिंग चालू केले की लिनक्सला जोडणी मिळते, कारण त्यासाठीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि त्याला वेगळे फर्मवेअर लागत नाही.

या त्रासाला कंटाळून काही जण अद्ययावतीकरणच थांबवतात. कर्नल एकदोन आठवडे रोखून धरणे समजण्यासारखे आहे, वर्षभर रोखणे धोक्याचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधक मॅथी व्हॅनहोफ यांनी 'क्रॅक' नावाने वायफायच्या सुरक्षेतील छिद्र उघड केले, तेव्हा लिनक्समधील वायफाय जोडणीचा प्रोग्राम त्यात विशेष कच्चा ठरला होता. मे २०२१ मध्ये त्यांनीच दाखवलेल्या 'फ्रॅगअॅटॅक्स' या दोषमालिकेवरील उपाय तर कर्नलच्या वायफाय विभागातूनच आले. जुन्या कर्नलवर अडून बसलेल्या लॅपटॉपांपर्यंत ते पोहोचत नाहीत.

विकासकांनाही या तक्रारीची जाणीव झाली आहे. नव्या कर्नलवर जाताना जुन्या फर्मवेअरवर चालणारे हार्डवेअर बंद पडता कामा नये आणि नव्या फर्मवेअरने जुना कर्नल अडवू नये, असा दंडक २०२२ मध्ये कर्नलच्या अधिकृत मार्गदर्शिकेत लिहिला गेला. तो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी आहे. वितरकाने पॅकेजे कोणत्या क्रमाने पाठवावीत, यावर त्याचा अंमल चालत नाही.