नखाची खूण

आठवडाभरात कापणीला येणाऱ्या उभ्या गव्हावर तणनाशक मारायचे, ही गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचित्रच वाटेल. पीक लहान असतानाच खुरपणी करायची, ही आपली रीत. ब्रिटनमध्ये मात्र १९८०च्या सुमारास ही उलटी रीत सुरू झाली. तिच्या मुळाशी होते एक चिवट गवत.

‘काउच’ हे त्याचे नाव. आपल्या कुंद्याचा किंवा हरळीचा स्वभाव आठवला की ते कसे असेल हे कळते. जमिनीखाली पांढऱ्या कांड्यांचे जाळे असते आणि एखादा तुकडा राहिला तरी तो पुन्हा फुटतो. पूर्वी शेतकरी पीक निघाल्यावर वारंवार कुळवणी करून कांड्या वर काढीत, उन्हात वाळवीत, गोळा करून जाळीत. कधी तर त्यासाठी शेत एक हंगाम पडीक ठेवावे लागे.

१९७० साली मोन्सॅन्टो कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रान्झ यांना ग्लायफोसेटचा तणनाशक गुण आढळला आणि १९७४मध्ये ते ‘राउंडअप’ नावाने बाजारात आले. हिरव्या पानांतून शिरून अन्नरसाबरोबर थेट जमिनीखालच्या कांड्यांपर्यंत पोहोचणे, ही त्याची खासियत. पण ते मारायचे कधी? कापणीत गवताची पाने छाटली जातात, नवी फुटायला काही आठवडे लागतात आणि तोवर हिवाळी गव्हाच्या पेरणीची घाई सुरू होते. कापणीच्या तोंडावर मात्र पीक पिवळे पडलेले आणि गवत हिरवेगार असते. हाच मोका साधायचे ठरले.

या युक्तीला अट होती. दाण्यातील ओलावा ३० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय फवारायचे नाही. त्या टप्प्यावर दाणा भरणे थांबते, त्यामुळे पानांतून दाण्याकडे जाणारा रसाचा ओघही आटतो. त्याआधी फवारले, तर तोच रस औषधाला दाण्यात घेऊन जातो. शेतात याची खूण सोपी: दाण्यावर नख दाबले की वळ तसाच राहायला हवा. दाणा तपासायचा तोही शेतातल्या सर्वांत हिरव्या भागातला. फवारणीनंतर गव्हाला किमान सात दिवस थांबायचे, म्हणजे औषध कांड्यांपर्यंत उतरते. बियाण्याच्या पिकावर मारायचे नाही, कारण उगवण बिघडू शकते.

पुढे हेतू बदलत गेला. पावसाळी, थंड उन्हाळ्यात पीक एकसारखे पिकत नाही. तेव्हा तण नसले तरी पीक लवकर वाळावे, यंत्र सुरळीत चालावे म्हणून फवारणी होऊ लागली. तणाचा उपाय सोयीचा उपाय झाला. सोयीपुढे नखाची खूण बघण्याची सवड राहीलच असे नाही.

मार्च २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात टाकले. त्याच नोव्हेंबरमध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तसा धोका संभवत नसल्याचे मत दिले. हा वाद मिटलेला नाही. तरीही २०२३मध्ये युरोपीय संघाने दहा वर्षांची मंजुरी देताना कापणीची वेळ साधण्यासाठी पीक वाळवायला हे औषध वापरण्यास मनाई केली. संघाबाहेर पडलेल्या ब्रिटनमध्ये कापणीपूर्व फवारणी अटींसह चालू राहिली.

आपला याच्याशी संबंध येतो तो ताटातून. कॅनडातून येणाऱ्या मसुरीवरही कापणीआधी ही फवारणी होते आणि तिथेही अट ३० टक्के ओलाव्याचीच आहे. २०१८मध्ये भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आयात डाळींत ग्लायफोसेटचा अंश तपासण्याचे आदेश दिले. शेतात जे नखाने कळते, ते बंदरावर प्रयोगशाळेला शोधावे लागते. डाळ शिजवणाऱ्याला तर ते कळण्याचा मार्गच नाही. म्हणून या औषधाचा जबाबदार वापर फवारणाऱ्याच्या हाती असतो: समोर खरोखर तण आहे का आणि दाण्यावर नखाची खूण राहते का, हे दोन प्रश्न त्याने पंप उचलण्याआधी विचारायचे.