धौलाधारपलीकडची कुरणे : गद्दी मेंढपाळ, हक्कनोंदी आणि बदलते हवामान

पश्चिम हिमालयातील गद्दी मेंढपाळांचे वर्ष उंचीच्या मापाने मोजावे लागते. हिवाळ्यात त्यांचे कळप कांगड्याच्या खालच्या टेकड्यांत चरतात. वसंतात ते धौलाधार ओलांडून चंब्यातील भरमौर परिसरात येतात आणि जून-जुलैच्या सुमारास कुगतीसारख्या सुमारे 5000 मीटर उंचीच्या खिंडीतून लाहौलमध्ये उतरतात. लाहौल पर्जन्यछायेत आहे. तेथील गवत मुख्यतः वितळत्या बर्फाच्या ओलाव्यावर वाढते आणि पावसाळी दलदलीत मेंढरांना जडणारे खुरांचे रोगही तेथे टळतात. दख्खनचा धनगर पावसाळा सरल्यावर घाट उतरून कोकणात जातो. गद्दी पावसाळा चुकविण्यासाठी पर्वत चढतो. दिशा भिन्न असली, तरी ऋतूबरोबर सरकत राहण्याचे तत्त्व एकच होय.

1846 मध्ये कांगडा ब्रिटिश अमलाखाली आला. 1865 ते 1872 या काळातील जमीनमहसूल व्यवस्थेच्या अहवालात लायल यांनी हिवाळी कुरणे व उन्हाळी 'धार' यांवरील रूढ हक्कांची तपशीलवार नोंद केली. हिवाळी कुरणाचा हक्क ज्याच्या नावे चाले, त्यास 'वारिस' म्हणत. या नोंदींमुळे मेंढपाळांच्या हक्कास कागदोपत्री आधार मिळाला, हे खरे. परंतु परस्पर संमतीने बदलत राहणारी वहिवाट त्यामुळे गोठली, हेही तितकेच खरे. 1878 च्या वनकायद्यानंतर हक्काची जागा हळूहळू सवलतीने घेतली.

पुढील काळात डोंगरउतारांच्या धुपेचा दोष वनखात्याने प्रामुख्याने चराईवर ठेवला. वसंत सबरवाल यांनी 'पास्टोरल पॉलिटिक्स' (1999) या ग्रंथात या मताच्या शास्त्रीय पायाविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. तथापि धोरणाची दिशा तीच राहिली. 1970 च्या दशकात हिमाचल प्रदेशात कळपांची संख्या व मार्ग परवान्यांनी बांधले गेले. 1999 मध्ये कुल्लू जिल्ह्यातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा तेथील उन्हाळी चराईचे पूर्वापार हक्क संपुष्टात आले.

हवामानबदलाचा प्रश्न या पार्श्वभूमीवर तपासावा लागतो. भुतियानी यांनी पुणे विद्यापीठातील विश्वास काळे व एन. जे. पवार यांच्यासह 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वायव्य हिमालयाचे तापमान विसाव्या शतकात सुमारे 1.6 अंश सेल्सिअसने वाढले आणि हिवाळ्यातील वाढ अधिक वेगाची होती. हिवाळी बर्फ कमी पडला वा लवकर वितळला, तर गवत लवकर उगवून लवकर निबर होते. कळप पोचेपर्यंत त्याचा कस उतरलेला असतो. नाल्यांवरील बर्फाचे नैसर्गिक पूलही अवेळी खचतात. उलट, सप्टेंबर 2018 मध्ये लाहौल-स्पीतीत अवचित झालेल्या जोरदार हिमवृष्टीने रस्ते बंद पडून शेकडो माणसे अडकली. परतीच्या वाटेवरील कळपांना अशा अवकाळी बर्फाचे भय सर्वाधिक असते. खाली उतरावे, तर हिवाळी कुरणांत घाणेरीचे रान माजलेले असते.

ऋतूंची अनिश्चितता गद्दींना नवी नाही. तिच्यावरील त्यांचा उपाय एकच होता : थांबणे, निघणे आणि वाट बदलणे यांचे स्वातंत्र्य. दीडशे वर्षांच्या नोंदी, परवाने व प्रतिबंध यांनी नेमके तेच आक्रसून टाकले. म्हणून उन्हाळी चराईपुढील आजचे संकट केवळ निसर्गनिर्मित मानणे इतिहासाला धरून होणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. मात्र तो हक्क देताना ठरावीक वाट आणि ठरावीक तारीखच पुन्हा लिहिली गेली, तर जुनीच चूक नव्या कागदावर उतरेल. उद्या धारांवरील गवत विरळ झाले, तर त्याचा ठपकाही पुन्हा मेंढरांवरच येण्याचा संभव आहे. तो ठेवण्यापूर्वी हा इतिहास वाचला जावा, एवढीच अपेक्षा.