शालागृह कर्जरोखे, कॅलिफोर्नियातील
शाळांच्या इमारती बांधण्यासाठी वा सुधारण्यासाठी स्थानिक शालेय मंडळाने मतदारांच्या संमतीने विक्रीस काढलेले रोखे. त्यांची परतफेड स्थावर मालमत्तेवरील जादा करातून होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या १८७९ च्या संविधानाने अशा कर्जास दोन-तृतीयांश मतांची अट घातली. परिणामी एक-तृतीयांशाहून किंचित अधिक विरोधकही बहुमतास रोखू शकत. १९७८ च्या प्रस्ताव १३ ने मालमत्ता कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यापुरता मर्यादित केल्याने नवे रोखे काढणेच थांबले. १९८६ मध्ये ती वाट पुन्हा खुली झाली. साध्या बहुमताची सूचना मतदारांनी मार्च २००० मध्ये फेटाळली. नोव्हेंबरात मात्र ५५ टक्क्यांची तडजोड (प्रस्ताव ३९) स्वीकारली. तीनुसार लेखापरीक्षण व नागरिक-समितीची देखरेख आवश्यक असून ही रक्कम छपरासाठी खर्चता येते, शिक्षकांच्या वेतनासाठी नाही.