पावती नसलेले घड्याळ

आमच्या बऱ्हाणपुरात दरवाज्यांना वारांची नावे आहेत. एक शनवारा, दुसरा इतवारा. परगावच्या पाहुण्याला "शनवाऱ्याशी उभे राहा, मी येतो" असे कळवले की तो हमखास विचारतो, "पण गुरुजी, आज तर बुधवार आहे!" या शनवाऱ्याच्या अलीकडे, रिक्षांच्या गर्दीत सहज नजरेतून सुटेल असे घड्याळ दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे. काचेची पेटी, त्यावर कापडाचा तुकडा आणि मागे डोळ्याला भिंग लावून बसलेले एक वृद्ध कारागीर. २०१९च्या उन्हाळ्यात मी अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे घड्याळ घेऊन त्यांच्याकडे गेलो. अण्णा जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. त्या दुकानात काय झाले ते सांगण्याआधी हे घड्याळ आमच्या घरात कसे आले ते सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी थोडा इतिहासही सांगावा लागेल. तीस वर्षे तोच विषय शिकवत आलो आहे, तेव्हा वाचकांनी एवढी सवलत द्यावी.

परदेशी मालाची ओढ या गावाला नवी नाही. १६१५च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरात उतरला आणि शाहजादा परवेझला भेटला. नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शाहजाद्याने तिचा असा समाचार घेतला की ठरलेली पुढची भेट राहूनच गेली. त्या काळी आम्ही जगाला कापड पुरवत होतो. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, इजिप्तपर्यंत जात असल्याचे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहून गेला आहे. पण तो अभिमानाचा विषय दुसऱ्या एखाद्या दिवाळी अंकासाठी ठेवतो.

मनगटी घड्याळ आपल्याकडे आले ते साहेबाच्या राज्यात. वेस्ट एंड, फावर-ल्युबा ही स्विस नावे मुंबईच्या पेढ्यांमार्फत रेल्वेच्या आणि फौजेच्या माणसांकडे पोचली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे परवान्यावर घड्याळे येत होती. मग १९५७-५८च्या सुमारास परकी चलनाची गंगाजळी आटली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला पोलादाच्या भट्ट्या आणायच्या होत्या, धरणांची यंत्रे आणायची होती. त्या हिशेबात मनगटावरचे घड्याळ ही चैन ठरली. आयात आवळली गेली. मागणी मात्र आवळली गेली नाही, कारण लग्नात जावयाला घड्याळ देण्याची चाल याच काळात मध्यमवर्गात रुळत होती.

सरकारने दोन उपाय केले. पहिला उपाय चांगला होता. १९६१ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना काढला आणि एचएमटी हे नाव घरोघर गेले. 'जनता' घड्याळ आमच्या कितीतरी शिक्षकांनी निवृत्तीपर्यंत वापरले. कारखाना कमी आणि माणसे जास्त असल्यामुळे एचएमटीसाठीही वाट पाहावी लागे आणि 'कांचन'सारख्या नमुन्याला जास्तीचे पैसे मोजावे लागत. शिवाय आपल्या लोकांची एक खोड आहे. जे रांगेत उभे राहून मिळते त्याचा मान कमी आणि जे कानात कुजबुजून मिळते त्याचा मान जास्त.

दुसरा उपाय कायद्याचा. १९६२चा सीमाशुल्क कायदा आला, त्यात १२३ क्रमांकाचे कलम आहे. साधारणपणे फौजदारी न्यायात आरोप करणाऱ्याने आरोप सिद्ध करायचा असतो. हे कलम ते उलटे करते. अधिकाऱ्याने रास्त समजुतीने माल चोरटा म्हणून जप्त केला, तर तो चोरटा नाही हे ज्याच्या ताब्यात तो सापडला त्याने सिद्ध करायचे. हे कलम कोणत्या मालाला लागू आहे? सोन्याला, सोन्याच्या वस्तूंना आणि घड्याळांना. सरकार अधिसूचना काढून इतर माल त्यात घालू शकते. पण घड्याळ हा शब्द खुद्द कायद्याच्या मजकुरातच आहे आणि आजही आहे. सोन्याच्या पंक्तीला घड्याळाला बसवणारी ही ओळ वाचली की त्या काळात ही चीज किती मोलाची होती ते कळते.

आणि पावती तर कोणाकडेच नसे. दुबईत घड्याळ आणणे आणि विकणे हा उघड, कायदेशीर व्यापार होता. तेथून गलबते निघत, दमणपासून कोकणापर्यंतच्या किनाऱ्यावर रात्री माल उतरे. घड्याळ आकाराने लहान, किमतीने मोठे. शिवलेल्या खिशांच्या बंड्या अंगात घालून एकेक माणूस शेकडो घड्याळे नेत असे. १९६१च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता, तेव्हा तिकडून सावंतवाडीच्या वाटेनेही परदेशी माल येई. पुढे मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची मुसाफिरखान्याची गल्ली आणि मनीष मार्केट ही नावे खानदेशातल्या खेड्यांपर्यंत पोचली. मुंबईला जाणाऱ्याला शेजारीपाजारी हळूच सांगत, "जमले तर एखादे बघ."

आमच्या अण्णांनी असेच 'एखादे बघितले'. साल १९७३. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि खात्याच्या कामासाठी मुंबईला गेले होते. उतरलेल्या लॉजच्या जिन्याखाली एका माणसाने रुमाल उलगडला. तबकडीवर सिटिझन, खाली जपान. अण्णांनी एका पगारापेक्षा जास्त रक्कम मोजली. पावती मागितली तेव्हा तो माणूस म्हणे हसला आणि म्हणाला, "साहेब, पावती हवी असेल तर एचएमटी घ्या." हमी तोंडीच होती. बंद पडले तर इथेच या, मी इथेच असतो. पुढच्या खेपेला अण्णा त्या जिन्याशी गेले. जिना होता.

सिटिझन घेऊन आलेल्या अण्णांना पहिले वर्षभर गल्लीत फार मान मिळाला. लग्नाच्या मुहूर्ताला भटजीसुद्धा आपले घड्याळ सोडून त्यांच्या घड्याळाकडे बघत. मग १९७४ उजाडले. तस्करांची धरपकड सुरू झाली, हाजी मस्तान आत गेला, डिसेंबरात परकी चलन आणि तस्करीविरोधी स्थानबद्धतेचा कायदा झाला. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली. धाडींच्या बातम्या रोज छापून येत, आणि न छापलेल्या बातम्या त्याहून जास्त फिरत. कोणत्या तरी कचेरीत कोणाच्या तरी मनगटावरून घड्याळ उतरवून घेतले, असे कोणीतरी सांगितले. खरे-खोटे देव जाणे. एका माणसाच्या एका घड्याळासाठी सीमाशुल्क खाते बऱ्हाणपूरपर्यंत येईल ही शक्यता आज हास्यास्पद वाटते. पण अण्णांना कोणीतरी १२३ कलम समजावून सांगितले होते. पुरावा तुम्ही द्यायचा, हे एवढेच वाक्य त्यांच्या डोक्यात राहिले. ते आयुष्यात कधी रेल्वेत विनातिकीट चढले नव्हते, कचेरीतला टाक घरी आणत नव्हते. अशा माणसाला आपल्या प्रामाणिकपणाचा कागद नसावा, हे त्यांना सहन झाले नाही.

घड्याळ तुरीच्या डाळीच्या डब्यात गेले. मी पाच वर्षांचा होतो. रात्री अण्णा डबा उघडून डाळीत हात घालत, घड्याळाला चावी देत आणि परत पुरून ठेवत. चावीचे घड्याळ पडून राहिले तर तेल सुकून बिघडते, अशी त्यांची समजूत होती. आई डाळ काढताना वाटी सावकाश फिरवी. आणीबाणी उठली, सरकारे बदलली, तरी ते मनगटावर परत आले नाही. डब्यातून पेटीत गेले इतकेच. कचेरीत जाताना अण्णा मोकळ्या हाताने जात आणि वेळ विचारत. निवृत्तीच्या समारंभात खात्यातल्या मंडळींनी त्यांना एचएमटी दिले, पावतीसकट. ते त्यांनी अखेरपर्यंत वापरले.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. मी बरीच वर्षे हा किस्सा वर्गात गमतीने सांगत असे. मुले हसत. १९९३ नंतर मला तो तसा सांगता येईना. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि मार्चमध्ये मुंबईत फुटली. वाट जुनीच होती. तेच किनारे, तीच उतरवणारी माणसांची साखळी, तेच डोळे मिटून घेणारे हात. रुमालातले घड्याळ घेणाऱ्या हजारो सज्जनांनी त्या साखळीला वर्षानुवर्षे खाऊ घातले होते, आणि त्यांत आमचे अण्णाही होते. हा विषय मी त्यांच्याशी एकदाच काढला. ते काही बोलले नाहीत. उठून पाणी प्यायले आणि अंगणात गेले.

तोवर घड्याळांची तस्करी ओसरू लागली होती, पण पोलिसांमुळे नव्हे. १९८४ साली टाटा आणि तामिळनाडूच्या औद्योगिक विकास महामंडळाने मिळून टायटन काढली. होसूरची क्वार्ट्झ घड्याळे चांगल्या दुकानात, चांगल्या पेटीत, पावतीसह मिळू लागली. १९९१ नंतर आयातीची दारे किलकिली झाली आणि २०००-२००१ मध्ये उरलेली परिमाणाची बंधने उठली. यात बिचारी एचएमटी मागे पडली. तिच्या घड्याळ कंपनीला टाळे लावायचा निर्णय २०१६च्या जानेवारीत झाला. गंमत अशी की टाळे लागताच लोक 'जनता' आणि 'पायलट' शोधू लागले, आणि ज्याला आम्ही मास्तरांचे घड्याळ म्हणत होतो ते हौशी संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने जाऊ लागले.

आता त्या दुकानात येऊ. कारागिराने मागचे झाकण उघडले, भिंग लावले आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मास्टरजी, बाबूजी ने ये कहाँ से लिया था?" मी सांगितले. त्याने घड्याळ माझ्यापुढे केले आणि चिमट्याच्या टोकाने दाखवले. बारीक अक्षरे होती, एचएमटी. "मशीन अपनी है. बंगलोर की. डायल बाद में रंगा हुआ है."

मग त्याने उलगडून सांगितले. एचएमटीची सुरुवातीची यंत्रे सिटिझनच्याच आराखड्यावर बांधलेली होती. त्यामुळे देशी यंत्र, नवी रंगवलेली तबकडी आणि वर जपानी नाव, असा मेळ बसवणे मुंबईतल्या हुशार हातांना अवघड नव्हते. ही कला अजून जिवंत आहे. जुन्या स्विस यंत्रांवर झगझगीत रंगवलेल्या तबकड्या चढवलेली घड्याळे मुंबईतून आजही जगभर जातात, आणि परदेशचे संग्राहक त्यांना मुंबईचेच नाव लावून ओळखतात, कौतुकाने नव्हे.

माझ्या डोळ्यापुढे तो डाळीचा डबा आला. बंगळूरला सरकारी कारखान्यात, भारतीय मजुरांनी बनवलेले, सीमाशुल्काशी काडीचा संबंध नसलेले यंत्र आम्ही दोन वर्षे डाळीत लपवले होते.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीला पुण्याहून आला. चांगल्या नोकरीत आहे. त्याला एक नामांकित स्विस घड्याळ घ्यायचे होते. कंपनीच्या अधिकृत दुकानात वाट पाहा म्हणतात, आणि मुंबईतला एक स्वतंत्र विक्रेता तेच वापरलेले घड्याळ लगेच देतो. "घेऊ का सर?" असे त्याने विचारले, जणू मी गणिताचा निकाल देणार होतो. मी त्याला सांगितले की अधिकृत नसलेला विक्रेता म्हणजे चोर नव्हे. बाहेरून कायदेशीर आणलेला अस्सल माल विकायला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ साली, प्रिंटरच्या एका खटल्यात, मनाई केली नव्हती. मात्र कंपनीची हमी अशा मालाला बहुधा लागत नाही, ती त्या विक्रेत्याच्या शब्दावर राहते. शब्द देणारा उद्या जिन्याखाली भेटेल का, हे आधी बघ. झाकण तुझ्यासमोर उघडायला लाव, यंत्राचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक ताडून बघ, करासह पक्की पावती घे आणि आयातशुल्क भरल्याचा कागद माग. कागद नाही म्हणाला तर उठ. स्विस घड्याळांवरचे शुल्क आता टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. तसा करार २०२४ साली झाला आणि २०२५च्या ऑक्टोबरपासून तो लागू आहे. तेव्हा थांबलास तरी फार बिघडत नाही. त्याने सगळे ऐकले आणि विचारले, "सर, तुमच्याकडे कोणते आहे?" मी त्याला अण्णांचे दाखवले. त्याने तबकडी वाचली आणि म्हणाला, "वा, विंटेज सिटिझन!" मी काही बोललो नाही.

आईला मात्र सांगायचे की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता येईना. ती पंच्याऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येते, आठवण शाबूत आहे. शेवटी एका दुपारी तिच्यापाशी बसून सांगितले, दोनदा, मोठ्याने. घड्याळ तिच्या हातात दिले. तिने ते कानाशी नेले. ऐकू आले नसणार, पण बराच वेळ धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे ते एवढे दिवस वाटी सावकाश फिरवत होते मी, ते उगाच?"

मी हो म्हणालो. तिने घड्याळ परत दिले आणि विचारले, "त्यांना सांगितलेस का कधी?"