पाणी, पारा आणि उष्णतेचे माप

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या तीर्थांच्या नगरीत वैशाखातील दुपारी पद्मतीर्थाच्या काठचा काळा दगड अनवाणी पायाला सोसवत नाही; पाण्यात उतरताच तोच पाय सुखावतो. ऊन तर दोहोंवर सारखेच पडते. पाण्याची खोली व बाष्पीभवन ही या भेदाची दोन कारणे होत. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि ते उमगण्यास अठरावे शतक उजाडावे लागले.

उष्णता व तापमान यांतील भेद त्या काळी स्पष्ट झालेला नव्हता. उष्णता सर्व पदार्थांत आकारमानाप्रमाणे वाटली जाते, असे लायडनचे बोअरहावे यांनी १७३२ मध्ये प्रतिपादिले. वस्तुतः फॅरनहाइट यांनी त्यांच्याच सूचनेवरून केलेला पारा-पाण्याचा प्रयोग याविरुद्ध साक्ष देत होता. ती साक्ष स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास ओळखली. १०० अंश फॅरनहाइटचे पाणी व तितक्याच मापाचा १५० अंशांचा पारा एकत्र केला असता मधले १२५ न येता १२० अंशच येतात, असे ते सांगत. पारा ३० अंश निवतो, पाणी २० अंशच तापते. पाण्याहून साडेतेरा पट जड असूनही उष्णता सामावून घेण्यात पारा उणाच! आजच्या मापांनी हे मिश्रण सुमारे ११६ अंशांवर येते. म्हणजे ब्लॅक यांचा निष्कर्ष अधिकच बळावतो.

ब्लॅक यांनी हे वर्गात शिकविले, पण छापले नाही. त्यांची व्याख्याने मृत्यूनंतर, १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी १७८१ मध्ये स्वीडनच्या विल्के यांनी स्वतंत्रपणे हाच विचार मांडला होता.

या गुणास विशिष्ट उष्णता म्हणतात. पाण्याची १ मानल्यास खाद्यतेलाची सुमारे अर्धी, काळ्या फत्तराची ०.२ आणि पाऱ्याची ०.०३३ भरते. दिलेल्या उष्णतेस वजन व विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागले की तापमानातील वाढ मिळते. १०,००० कॅलरी उष्णतेने १ किलो पाणी १० अंश सेल्सिअसच तापेल, तेल २०, तर पारा ३०० अंश!

न्हाणीघरातले विसणही याच हिशेबाने चालते. ८० अंशांच्या १ लिटर कढत पाण्यात ३० अंशांचे ४ लिटर पाणी ओतले, की कढत पाण्याने गमावलेले ४० अंश चार वाट्यांत विभागून थंड पाणी १० अंश तापते, आणि स्नानाजोगे ४० अंशांचे पाणी सिद्ध होते.